शेवटचा मैल : माथेरानच्या कड्यापर्यंत कोण पोहोचतं?

आपल्या दार्सैतहून मत्राहच्या कॉर्निशवर जायला किती वेळ लागतो हे तुम्हाला मी सांगायला नको. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी तिथे गेलात की व्हिजिटवर आलेले कुणाचे तरी आईबाबा हमखास दिसतात. गुडघे दुखणारे, काठी घेतलेले, कधी व्हीलचेअरवर. समुद्राकाठचा पदपथ सपाट आहे, त्यामुळे त्यांनाही बोटी आणि डोंगर बघता येतात. वर खडकावर मत्राहचा किल्ला आहे, पोर्तुगीजांनी १५८० च्या दशकात बांधलेला. तो मात्र बहुतेक आजी-आजोबा खालूनच बघतात.

मग विषय निघतो सुट्टीचा. "या वेळी आलात की सगळे माथेरानला जाऊ," असं तिकडून कुणीतरी म्हणतं. आणि प्रश्न उभा राहतो की आईला पॉइंटपर्यंत न्यायचं कसं? हा प्रश्न माथेरानइतकाच जुना आहे, म्हणून आज त्याचाच इतिहास बघू.

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढून गेले. 'शोध लावला' असं पुस्तकांत लिहितात, पण ते तितकंसं खरं नाही. धनगर, ठाकूर, कातकरी तिथे आधीपासून होतेच, आणि 'माथ्यावरचं रान' हे नावही त्यांच्याच भाषेतलं. मॅलेट यांनी काय केलं, तर मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबलोकांना पत्ता दिला. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लक्ष घातलं, बंगले उठले, कड्याकड्यांना पॉइंट म्हणून नावं पडली : पॅनोरमा, लुइझा, अलेक्झांडर, पॉर्क्युपाइन, वन ट्री हिल.

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच ही जागा. वर जायचं तर घोडा, पालखी किंवा आपले पाय. म्हणजे पहिल्या दिवसापासून इथलं दृश्य कुणाच्या तरी खांद्यावर बसून बघितलं गेलं. ज्याच्याकडे पैसे, तो पालखीत बसला. ज्याचं घर त्या डोंगरावर, त्याने पालखी उचलली. आपण जुने फोटो कौतुकाने बघतो, पण त्यातल्या भोयांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत.

यातला पहिला मोठा बदल आगगाडीने केला. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात नेरळ-माथेरान मार्ग बांधून घेतला. खर्च सुमारे १६ लाख रुपये, रूळ दोन फुटी, लांबी साधारण २० किलोमीटर, आणि सतत वळणंच वळणं. आमच्या धंद्यात असल्या प्रकल्पाला परतावा किती, हे पहिल्या स्लाइडवर विचारतात. पीरभॉयना कुणी विचारलं असतं तर गाडी नेरळलाच उभी राहिली असती! पण या गाडीमुळे ज्याला घोड्यावर बसवत नाही आणि पालखी परवडत नाही, असा माणूसही वर बाजारापर्यंत आला. डोंगराने मात्र गाडीला सुखाने राहू दिलं नाही. २००५ च्या अतिवृष्टीत रूळ वाहून गेले, २००७ मध्ये सेवा पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसाने पुन्हा तेच केलं आणि पूर्ण मार्ग २०२२ मध्ये उघडला.

गाडी बाजारात सोडते. पॉइंट त्याच्याही पुढे, लाल मातीच्या वाटांवर. आम्ही कन्सल्टंट ज्याला 'लास्ट माइल' म्हणतो, तो माथेरानला अक्षरशः आहे, आणि तो वर्षानुवर्षं हातरिक्षाने भरून काढला. माथेरानमध्ये मोटारींना बंदी. त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, त्यामुळे नियम आणखी घट्ट झाले. झाडं वाचली, हवा वाचली. पण चढावर रिक्षा पुढून ओढणारा आणि मागून ढकलणारा माणूस हा त्या शुद्ध हवेचा हिशेबात न धरलेला खर्च होता. आत बसलेली म्हातारी आजी अवघडून जायची, आणि उतरून चालावं तर पाय नाहीत. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी ही गोष्ट घडली असेल.

यावर पर्याय रिक्षावाल्यांनीच मागितला : ई-रिक्षा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर परवानगी मिळाली आणि त्याच वर्षाअखेर काही ई-रिक्षा धावू लागल्या. मग ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला की माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा, ई-रिक्षा आधी खऱ्या हातरिक्षाचालकांना द्या, आणि निधी नाही ही सबब सांगू नका. निकालात १९८० च्या एका खटल्याची आठवण काढली आहे. तो पंजाबच्या सायकलरिक्षावाल्यांचा होता. म्हणजे ४५ वर्षांपूर्वी बोललेली गोष्ट पुन्हा बोलावी लागली.

त्याच निकालात आणखी एक भाग आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक चालतील. आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नाहीत. पेव्हरमुळे घोड्यांचे पाय घसरतात, पाणी मुरत नाही, माथेरानचं माथेरानपण जातं, ही एका बाजूची तक्रार. ती खोटी नाही. पण व्हीलचेअर ढकलून बघा त्या लाल धुळीत, उघड्या पडलेल्या मुळांवरून! पुतळ्यापर्यंत आई येईल, कड्यापर्यंत येणार नाही.

यातून काही मार्ग निघतो का? जगभर राष्ट्रीय उद्यानांत जमिनीपासून उचललेले लाकडी पदपथ असतात. त्यांच्याखाली पाणी वाहतं, मुळं तुडवली जात नाहीत, आणि उतार बेताचा ठेवला तर वर चाकाची खुर्ची जाते. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्व कायद्यानंतर अशा सोयींना जोर आला. आपल्याकडेही १९९५ चा आणि त्याहून व्यापक २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. मुंबईत मलबार हिलवर मार्च २०२५ मध्ये झाडांच्या उंचीवरून जाणारा ४८५ मीटरचा पदपथ खुला झाला, टोकाला समुद्र दाखवणारा सज्जासुद्धा आहे. म्हणजे असं काही बांधणं आपल्याला जमतं. माथेरानला एका तरी पॉइंटवर ते व्हावं असं मला वाटतं. सगळ्या पॉइंटवर नको, आणि काचेचा सज्जा तर मुळीच नको. वानरं त्याचं काय करतील ते करतीलच.

तोवर या सुट्टीत जाणार असाल तर एवढं करा. नेरळहून वर जाणारी गाडी पावसाळ्यात बंद असते, पण दस्तुरीजवळच्या अमन लॉजहून बाजारापर्यंत शटल धावते. आईबाबांना तिने न्या. ई-रिक्षा सध्या कुठपर्यंत जातात, हॉटेलच्या दारापर्यंत येतात का, हे बुकिंगच्या आधी फोन करून विचारा. आणि हॉटेल निवडताना पोहण्याचा तलाव बघण्यापेक्षा खोलीपर्यंत पायऱ्या किती आहेत ते विचारा, आणि व्हरांड्यातून दरी दिसते का तेही.