घोंगड्याला साइज नसते

या वीकांताचा विषय स्वेटर. तोही क्रोशाचा, ढगळ आणि वेगवेगळ्या मापांचा. हसू नका मंडळी, मामला सगळा आकडेमोडीचा आहे.

आमच्या गडहिंग्लज भागात पिढ्यान्‌पिढ्या लोकर म्हणजे घोंगडं. धनगरांनी मेंढरं राखायची, सणगरांनी मागावर विणायचं. दख्खनी मेंढीची लोकर राठ, अंगाला टोचते. पण पावसात घोंगड्याची खोळ डोक्यावर घेतली की माणूस दिवसभर शेतात काम करतो. घोंगडं म्हणजे नुसता आयत. बाप पांघरतो तेच पोरगं पांघरतं. माणसाचं माप घ्यायचा प्रश्नच येत नाही.

स्वेटरला मात्र छाती, बाही, गळा सगळं लागतं. क्रोशा हे नाव फ्रेंच, अर्थ छोटा आकडा. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये क्रोशाची छापील पुस्तकं निघू लागली. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमधल्या कित्येक घरांची चूल क्रोशाच्या लेसवर पेटली. भारतात ही कला मुख्यतः मिशनऱ्यांच्या शिवणवर्गांतून आली. मराठी घरात शिरल्यावर तिचं तोरण झालं, रुमाल झाला, रेडिओवरचं झाकण झालं. शब्दसुद्धा आपले झाले: साखळी, खांब, मुका खांब.

आता जरा १९६२ कडे वळू. २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला तेव्हा नामका चूच्या खोऱ्यात, दहा हजार फुटांहून उंचावर, आपले कित्येक जवान सुती कपड्यांत होते. बातम्या आल्या आणि देशभर बायका स्वेटर, मोजे, हातमोजे विणायला बसल्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर बेळगावला, म्हणजे आमच्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर. घरटी कुणी ना कुणी फौजेत असलेली गावं या पट्ट्यात आजही आहेत. युद्ध २१ नोव्हेंबरला थांबलं, तरी थंडी थोडीच थांबणार होती?

विचार करा, ज्याला आपण कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी स्वेटर कसा विणायचा? छातीचं माप कुणाला विचारायचं? घट्ट झाला तर मेहनत वाया. सैल झाला तर आत शर्ट, वर कोट, काहीही चालतं. ढगळपणा ही आज फॅशन असेल. तेव्हा ती अनोळखी माणसासाठी ठेवलेली जागा होती.

ही जागा किती ठेवायची, याचं उत्तर मला माझ्या मावशीच्या वहीत सापडलं. वहीत कृती अशी नाहीच, फक्त आकडे. 'भाऊ १४७. अण्णा १६१.' म्हणजे घेराचे खांब. भाऊंच्या शर्टाचं माप ३६, अण्णांचं ४०. माप ४ इंचांनी वाढलं, खांब १४ नी. म्हणजे एका इंचात साडेतीन खांब. आता १४७ ला साडेतीननं भागा: ४२. छाती ३६, स्वेटर ४२. सहा इंच मोकळीक! अण्णांचं करून बघा, १६१ भागिले साडेतीन, ४६. तिथंही सहाच. म्हणजे ४४ मापाच्या माणसाला १७५ खांब लागणार, हे मी न विणता सांगू शकतो. मावशीनं फॉर्म्युला कुठंही लिहिला नाही, पण तो तिच्याकडे होता.

सहा इंच का? क्रोशाची वीण दोन सुयांच्या विणीपेक्षा जाड आणि कमी ताणणारी. अंगाबरोबर लवत नाही, म्हणून मोकळीक आधीच मोजून द्यावी लागते. आणि प्रत्येकाचा हात वेगळा. कुणाचा सैल हात असेल आणि चार इंचांत १४ ऐवजी १३ खांबच बसत असतील, तर त्याच १६१ खांबांचा घेर साडेएकोणपन्नास इंच होतो. म्हणून आधी चार इंचांचा तुकडा विणून मोजायचा, मग गुणाकार. आपण ज्याला टेस्टिंग म्हणतो ना, तेच!

आता अडचण अशी की वहीत आकडे राहतात, हात राहत नाही. शर्टांची मापं घरात कुणाला आठवली नसती, तर १४७ हा नुसता १४७ राहिला असता. विणकाम जाणणाऱ्या बायकांना 'वेळ जात नाही म्हणून विणते' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. गणिताचे मार्क त्यांना कुणी दिले नाहीत. बाजारात मिळणारा खरा क्रोशा आजही हातानंच विणलेला असतो. स्वस्तात मिळाला तर त्या हाताला काय मिळालं असेल, हाही हिशोब करून बघा.

तर एक काम सांगतो. तुमच्या घरी अशी वही असेल आणि लिहिणारी असेल, तर येत्या रविवारी तिच्याजवळ बसा. प्रत्येक आकड्यापुढे दोन गोष्टी लिहून घ्या: कुणाचं माप, आणि चार इंचांत किती खांब. एवढं असलं की पुढचा कुणीही, कुठल्याही मापाचा स्वेटर विणू शकतो.

असो. पुढच्या वीकांताला भेटू.