भात, माडी आणि म्हावरं

वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यात थंडीच्या दिवसांत सी फूड फेस्टिव्हल भरतो. कोळणी ठेवणीतली लुगडी नि दागिने घालून स्टॉलमागं उभ्या राहतात. तव्यावर बोंबील, सुरमई, कोळंबी, बाजूला चिंबोऱ्यांचा रस्सा आणि तांदळाची भाकरी. शहरातली माणसं लांबून येऊन खातात. आमच्या चारकोपहून जायचं तर डहाणूकरवाडीला मेट्रोत बसायचं, डी. एन. नगरला बदलायची, की आलंच वर्सोवा.

लोक म्हणतात, ही नवी टूम आहे. मला तसं वाटत नाही. नाव नवं, स्टॉल नवे. पण ठरल्या दिवशी गावानं मिळून खायचं-प्यायचं ही आमच्या किनाऱ्याची जुनीच रीत. नारळी पुनवेला दर्याला नारळ द्यायचा, घरात नारळीभात करायचा. शिमग्याला होळीभोवती नाचगाणं नि जेवणं. आमच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेजाऱ्यांचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये वाजतगाजत न्यायच्या आणि मग पंगत. धर्म कुठलाही असो, पानावर तीन गोष्टी ठरलेल्या. खाचरातलं भात, झाडावरची माडी आणि खाडीतलं म्हावरं. या तिघांचं पुढं काय झालं, ते सांगतो.

आधी माडीचं. नारळाची ती माडी, ताडाची ती ताडी. भंडारी माणूस रोज सकाळ-संध्याकाळ झाडावर चढायचा, मडकं उतरवायचा, दुसरं बांधायचा. भल्या पहाटेची न आंबलेली ती नीरा, गोड. उन्हं चढली की तीच आंबट व्हायची. तिचं काम नुसतं डोकं फिरवायचं नव्हतं, बरं का. सान्ना नि फुगे फुगवायला पिठात माडीच लागायची. इंग्रज सरकारनं १८७८ च्या अबकारी कायद्यानं झाडं छेदण्यावर परवाना नि कर बसवला. पुढं स्वराज्य आलं आणि १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. १९५० पासून मुंबई इलाख्यात पूर्ण बंदी आली. दारूनं घरं बुडत होती, हेही खोटं नव्हे. बंदी नंतर सैल झाली, परवाने आले. पण तोवर झाडावर चढणारे बरेच हात दुसऱ्या कामाला लागले होते. फुग्यांच्या पिठात यीस्ट आलं.

मग भाताचं. आमची जमीन खाडीकाठची, खारी. बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, पावसानं मीठ धुऊन जायचं, मग लावणी. वर्षाला एकच पीक. बांध फुटला तर तेही नाही, म्हणून बांधाच्या कामाला गाव मिळून जायचं. १९८५ च्या सुमाराला जागतिक बँकेच्या मदतीनं चारकोपला भूखंडांची वसाहत आखली गेली. छोटे छोटे प्लॉट, मधे चौक, ज्याला जमेल तसं त्यानं घर बांधावं अशी ती योजना. हजारो कुटुंबांना हक्काचं छप्पर मिळालं, हे मी कधी नाकारणार नाही. पण आमच्या शिवाराला सेक्टरचे नंबर पडले. सुगीच गेली, तर सुगीचं जेवण कशाचं करणार? आज फेस्टिव्हलात जी भाकरी मिळते, तिचे तांदूळ वाण्याकडच्या पोत्यातले.

राहिलं म्हावरं. तेवढंच अजून आपल्या पाण्यातलं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, ती मासळीच्या विणीसाठी. खाडीतली तिवरं, म्हणजे खारफुटी, ही कोळंबी-चिंबोऱ्यांची पाळणाघरं. २००५ साली उच्च न्यायालयानं खारफुटी तोडायला मनाई केली, म्हणून चारकोपच्या मागं अजून हिरवं दिसतं. आता वर्सोव्याहून चारकोप, गोराईवरून पुढं जाणारा किनारी रस्ता आखलेला आहे. ट्रॅफिकमध्ये आपणही अडकतो, रस्ता नको असं कोण म्हणेल? पण माडी कायद्यानं गेली, भात वसाहतीखाली गेलं, दोन्ही वेळेला कारण चांगलंच होतं. तिसऱ्या वेळी तरी जाणाऱ्या वस्तूचा हिशेब आधी मांडावा, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून मला हा फेस्टिव्हल हवा आहे. एक तर पैसा सरळ बाईच्या हातात येतो. दुसरं, शहरातल्या माणसाला खाडीची चव कळते. फक्त प्लेट घेताना मावशीला एक विचारा, "हे म्हावरं कुठल्या पाण्यातलं?" ती नीट सांगेल. आणि बाजारात बाहेरून आलेलं असलं, तर तेही सांगेल. हा प्रश्न विचारणारी माणसं वाढली, तर खाडीच्या बाजूनं बोलणारी माणसंही वाढतील.