निसर्गाची नक्कल कोणी करावी?

दोन स्थिती असणाऱ्या एका कणाचे क्वांटम वर्णन करायला २ संख्या लागतात. दोन कणांना ४, तीन कणांना ८, दहा कणांना १०२४. एक कण वाढला की संख्या दुप्पट! तीनशे कणांसाठी तर दृश्य विश्वातल्या अणूंहून अधिक संख्या मांडाव्या लागतील. मग साध्या संगणकावर रेणूंची हुबेहूब नक्कल करायची कशी?

ही अडचण १९८० मध्ये रशियन गणिती युरी मानिन यांनी दाखवून दिली. १९८१ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या परिषदेत रिचर्ड फाइनमन यांनी त्यावर उपाय सुचवला : निसर्ग क्वांटम नियमांनी चालतो, तर नक्कल करणारे यंत्रही त्याच नियमांनी चालवू या.

पण अशा यंत्राचे उत्तर बरोबर कशावरून? २०१९ मध्ये गूगलने जाहीर केले, की आपल्या ५३ क्यूबिटांच्या यंत्राने २०० सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणकाला १०,००० वर्षे लागतील. आयबीएमने हिशेब मांडला : अडीच दिवस पुरतील!

म्हणून आम्ही संशोधक आधी थोड्या कणांवर दोन्ही यंत्रांची उत्तरे ताडून पाहतो. ती जुळली, तरच पुढच्या, न तपासता येणाऱ्या उत्तरांवर भरवसा ठेवायला आधार मिळतो. क्वांटम संगणकाची परीक्षा घ्यायला साधा संगणक लागतोच.