घराला वगळून मूल सुधारते काय?

कामगार संघटनेत आयुष्य घालवताना आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो. संप टिकणार की मोडणार, ह्याचा निकाल गेटसभेत लागत नाही. तो घरी चुलीपाशी लागतो. माणसाच्या मागे घर असते. ही साधी गोष्ट मनाच्या वैद्यांना पटावयास मात्र विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. तो इतिहास आज थोडक्यात मांडतो. आम्ही वैद्य नव्हे, पदवीधरही नव्हे. वाचून जे समजले तेच सांगणार आहोत.

फ्रॉइडच्या परंपरेत उपचार चाले तो रोगी आणि वैद्य ह्या दोघांतच. नातेवाईक दाराबाहेर. त्यांची आठवण होई ती बहुधा दोष देण्यापुरती. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइकमन ह्या विदुषीने ‘छिन्नमनस्कता जडविणारी आई’ अशा अर्थाची संज्ञा वापरली, आणि पुढे कित्येक वर्षे असंख्य मातांनी तो डाग निमूटपणे वाहिला. पुराव्याच्या कसोटीवर ती कल्पना टिकली नाही.

खरे वळण मिळाले ते गरिबांच्या मुलांमुळे. न्यू यॉर्क राज्यात विल्टविक नावाची निवासी शाळा होती. शहराच्या दरिद्री वस्त्यांतील, बहुतांशी काळी व पोर्तोरिकन मुले न्यायालयामार्फत तेथे येत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अर्जेंटिनात जन्मलेले साल्वादोर मिनुचिन तेथे काम करू लागले. शाळेत मूल सुधारे. घरी परतले की पहिले पाढे पंचावन्न! तेव्हा मिनुचिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सबंध कुटुंबालाच बोलावले. एकतर्फी आरशापलीकडून सहकारी पाहात. आज्ञा कोण देतो, ती कोण मोडतो, कोण मुका बसतो, हे पाहून त्या खोलीतच वागणुकीची घडी बदलावयाची. ह्या कामावरील ग्रंथ १९६७ साली निघाला.

तोवर मिनुचिन फिलाडेल्फियाच्या बालमार्गदर्शन केंद्राचे प्रमुख झाले होते. तेथे त्यांनी जे हेली आदी सहकाऱ्यांसह वस्तीतल्याच, पदवी नसलेल्या माणसांना कुटुंबोपचार शिकविला. ह्या इतिहासातले हे पान आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. आपल्या माणसाचे दुःख आपल्या माणसाला लवकर कळते.

पण गुण येतो का? लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील मंडळींनी १९८७ साली ८० रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. हे रोगी खाण्यासंबंधीच्या गंभीर मनोविकाराचे होते. ज्यांचा अन्न टाकण्याचा विकार लहान वयात जडला होता व तीन वर्षांहून जुना नव्हता, त्यांना एकट्यावरील उपचारापेक्षा कुटुंबोपचाराने अधिक गुण आला. पाच वर्षांनंतरही तो टिकला. ह्या पद्धतीत आईबापांवर ठपका ठेवीत नाहीत. उलट मुलाला जेवू घालण्याचे काम प्रथम त्यांच्याच हाती देतात, आणि मूल सावरले की ते क्रमाने मुलाकडे परत जाते. २०१० साली अमेरिकेत १२१ किशोरवयीनांवर झालेल्या प्रयोगात, उपचार संपल्यावर वर्षाने कुटुंबोपचाराच्या गटातील ४९ टक्के मुले पूर्ण बरी आढळली. दुसऱ्या गटातील २३ टक्के.

म्हणून हा रामबाण उपाय समजू नये. अमेरिकेतील मिसूरी येथे गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांवर घर, शाळा, शेजार असा चहूकडून उपचार झाला. १९९५ च्या अहवालानुसार चार वर्षांत त्यांपैकी २६ टक्के पुन्हा पकडले गेले. एकट्यावर उपचार झालेल्यांपैकी ७१ टक्के. परंतु इंग्लंडात ६८४ कुटुंबांवर हीच पद्धत नेहमीच्या सरकारी सेवांशी ताडून पाहिली, तेव्हा २०१८ च्या अहवालात ती सरस ठरली नाही. तुलना कशाशी केली, हे विचारल्याशिवाय टक्केवारीला टाळ्या वाजवू नयेत.

आपल्याकडेही १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना रोग्यासोबत आवारातील तंबूंत राहू दिले. घराला उपचारात घेणे ही काही परकी कल्पना नव्हे.

आमचे म्हणणे एवढेच. घर हे औषध असेल, तर त्या औषधालाही वेळ लागतो. रात्रपाळी करणाऱ्या बापाने, रोजंदारी बुडवून आईने, आठवड्याला बैठकीस यावे कसे? पगारी रजेची मागणी आम्ही करतो तेव्हा ती आळसाची मागणी समजली जाते. आजारी मुलापाशी बसण्याचा वेळही तीतच मोडतो. तो वेळ मिळेपर्यंत आईबापांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.