बांबूची दुर्बीण

शाळेतल्या ‘प्रकल्पा’चा इतिहास बहुधा अमेरिकेपासून सांगितला जातो. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागोत आपली प्रयोगशील शाळा काढली आणि विल्यम किलपॅट्रिक यांचा प्रकल्प पद्धतीवरचा निबंध १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या सुमारे पाऊणशे वर्षे आधी कुंभकोणमचा एक मुलगा मद्रासमधल्या एका गच्चीवर बांबूची दुर्बीण करत होता. पुढे तो राजा सर टी. माधवराव म्हणून प्रसिद्ध झाला.

माधवरावांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमला झाला. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर कावेरीकाठी रुजलेले हे देशस्थ घराणे. वडील रंगराव आणि काका वेंकटराव, दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केलेली. अशा घरातला मुलगा लेखणी धरणार हे ठरलेलेच होते. तो मद्रासच्या सरकारी हायस्कुलात गेला. या शाळेचेच पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले. तिथले मुख्याध्यापक एअर बर्टन पॉवेल केंब्रिजचे गणिती होते. त्यांच्या घराच्या गच्चीवर माधवराव खगोलशास्त्र शिकले आणि बांबू व बाजारात मिळणारी भिंगे घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने दुर्बिणी व सूक्ष्मदर्शक तयार केले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

अशी दुर्बीण करायला काय लागते? बांबूच्या आतली पेरे फोडून नळी मोकळी करावी लागते. दोन भिंगांची नाभीय अंतरे मोजून त्यांच्या बेरजेइतके अंतर दोन्ही भिंगांत ठेवावे लागते. माप चुकले की चंद्र धूसर दिसतो आणि बरोबर आले तरी तो उलटा दिसतो. तो उलटा का दिसतो, हा प्रश्न मग पुस्तकाने घालावा लागत नाही. चूक दाखवायला परीक्षकाची वाट पाहावी लागत नाही, आणि ती सुधारल्याचेही तिथल्या तिथे कळते. माधवराव १८४६ मध्ये सन्मानाने उत्तीर्ण झाले आणि लवकरच पॉवेल यांच्या गैरहजेरीत गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागले.

मात्र हाताने शिकणे कुंभकोणमला नवे नव्हते. गावापासून काही किलोमीटरवर स्वामीमलै आहे. तिथले स्थपती नारळाच्या झावळीची पट्टी घड्या घालून मूर्तीची प्रमाणे ठरवतात, मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या मातीचे लेप देतात, मेण वितळवून काढतात आणि पोकळीत धातू ओततात. मूर्तिकाराचा मुलगा हे बापाशेजारी बसून शिकत आला. त्याला कोणी शिक्षण म्हटले नाही, कारण ते जातीचे काम होते. गच्चीवर नवे घडले ते एवढेच, की लेखणीच्या घरातल्या मुलाने बांबू हातात घेतला. मूर्तिकाराच्या मुलाला भिंगाचे गणित शिकवणारी गच्ची मात्र कोणी उघडली नव्हती. हे दोन्ही झाल्याशिवाय प्रकल्पातून शिकणे पुरे होत नाही.

खुद्द माधवरावांनाही ही वाट सर्वत्र नेता आली नाही. त्रावणकोर आणि इंदूरनंतर १८७५ मध्ये ते बडोद्याचे दिवाण झाले. तरुण सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली आणि १८८१ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली गेली. हाताने शिकलेला माणूस राजाला मात्र बोलून शिकवत होता. राज्य बांबूसारखे फोडून पाहता येत नाही, हेही खरेच.

ते ऐकणाऱ्या सयाजीरावांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढले. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. चित्रकला, सुतारकाम, रंगकाम असे विषय तिथे एका छपराखाली आले. दादासाहेब फाळके याच संस्थेत शिकले. कारागिरी आणि शास्त्र यांची गाठ घालण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्यात हातकामाला शाळेची प्रतिष्ठा मिळाली.

आज प्रकल्पाला गुण आहेत. स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोलचा ज्वालामुखी तयार मिळतो, नाहीतर आई-वडील रात्री जागून तो करतात. त्यात मुलाचे काहीच चुकत नाही, म्हणून तो काही शिकतही नाही. खर्च मात्र होतो, आणि ज्याच्या घरी तो परवडत नाही त्याचे गुण कमी होतात. पॉवेल यांच्या गच्चीवरचे सामान स्वस्त होते. महाग होता तो शिक्षकाचा वेळ. शाळेला प्रकल्प हवे असतील तर आधी तो वेळ द्यावा लागेल, आणि मुलाला विचारावे लागेल : करताना काय बिघडले, आणि ते तू कसे दुरुस्त केलेस?