अब्रुझ्झोच्या कळपांचे पांढरे राखणदार

लांडगा दिसताच त्याच्यावर तुटून पडतो तो कुत्रा उत्तम, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु इटलीच्या अपेनाइन पर्वतराजीत, विशेषतः अब्रुझ्झो प्रांतात, ज्यांची सारी उपजीविकाच मेंढरांवर अवलंबून होती, त्या मेंढपाळांची कसोटी निराळी होती. पाठलाग करीत दूर गेलेला कुत्रा शौर्य गाजवतो खरा, पण कळप उघडा टाकतो. आणि लांडगे टोळीने हिंडत असल्यामुळे एकामागे कुत्रा धावला, की दुसऱ्याला मेंढरू उचलावयास रान मोकळे होते. म्हणून लांडग्याची चाहूल लागताच भुंकून इशारा द्यावा, कळप आणि शत्रू यांच्यामध्ये ठाण मांडावे, आणि तो मागे हटलाच नाही तरच दातांचा उपयोग करावा, ही त्या पांढऱ्या, केसाळ कुत्र्याची रीत मला रणांगणातील पराक्रमापेक्षा श्रेष्ठ वाटते.

या रीतीची मुळे फार जुनी आहेत. रोमन पंडित वारो याने इ. स. पू. ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात खाटकाचा किंवा शिकाऱ्याचा कुत्रा कळपासाठी घेऊ नये, असे त्याने बजावले आहे. कारण पहिला कळपामागे चालण्याचा आळस करतो आणि दुसरा ससा वा हरिण दिसताच मेंढरे सोडून धावतो. कुत्र्याच्या गळ्यात जाड चामड्याचा पट्टा असावा, त्यातून खिळ्यांची टोके बाहेर काढलेली असावीत, आणि लोखंड मानेला रुतू नये म्हणून आतून मऊ कातडे शिवावे, इतका बारकावा तो नोंदवतो. एकदा हे खिळे लागलेला लांडगा पट्टा नसलेल्या कुत्र्यांच्याही वाटेस जात नाही, हे त्याचे निरीक्षण तर मार्मिकच आहे. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन कृषिलेखक कोलुमेल्ला याने मेंढवाड्याचा कुत्रा पांढराच असावा असे सांगितले. पहाटेच्या वा सांजेच्या अंधुक प्रकाशात मेंढपाळाने त्यालाच लांडगा समजून मारू नये, एवढाच त्यामागील हेतू.

वारोनेच सांगितलेली एक हकीकत मला विशेष हृद्य वाटते. अमितेर्नुम येथील, म्हणजे अब्रुझ्झोच्याच, पोंतियानुस नावाच्या गृहस्थाने मध्य इटलीतील उंब्रियात कुत्र्यांसह कळप खरेदी केले. मेंढपाळ मात्र त्या सौद्यात नव्हते, त्यांनी कळप दक्षिणेतील कुरणांत पोहोचवून परत फिरावयाचे होते. ते घरी परतले, आणि थोड्याच दिवसांत कुत्रेही, रानोमाळ पोट भरीत, कित्येक दिवसांची वाट एकट्याने तुडवून त्यांच्यामागे उंब्रियात येऊन दाखल झाले.

आपल्याकडील धनगरांप्रमाणेच अब्रुझ्झोचे कळपही ऋतुमानानुसार स्थलांतर करीत: उन्हाळा पर्वतावर, हिवाळा दक्षिण इटलीतील अपुलियाच्या मैदानात. १४४७ साली आरागॉनच्या आल्फोन्सो राजाने या वहिवाटीवर चराईचा महसूल बसवून त्याचे स्वतंत्र दप्तर थाटले, ते १८०६ पर्यंत चालू होते. शंभर मीटरहून रुंद अशा सरकारी मेंढवाटांवरून लक्षावधी मेंढरे जात, आणि त्यांच्याबरोबर हे कुत्रेही चालत.

असा कुत्रा हुकमाने तयार होत नाही. पिलू लहानपणापासून मेंढरांच्या उबेत वाढले, तरच कळप हे त्याचे गणगोत होते. अब्रुझ्झोत ही परंपरा खंडित झाली नाही, कारण लांडगाही तेथून पुरता नाहीसा झाला नाही; १९७० नंतर सबंध इटलीत जेमतेम शंभर लांडगे उरले असता कायद्याने त्यांना संरक्षण दिले आणि त्यांची संख्या पुन्हा वाढली. १९९२ साली इटलीतूनच हे लांडगे फ्रान्सच्या मेर्कांतूर अरण्यात पोहोचले, तेव्हा तेथील मेंढपाळांची राखणदार कुत्र्यांची परंपरा केव्हाच लोपली होती. असे कुत्रे त्यांना बाहेरून आणून कळपात नव्याने वाढवावे लागले.