बाण पेटवणारा हात

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. परंपरेनुसार हे विदर्भराज भीष्मकाचे नगर आणि रुक्मिणीचे माहेर. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात संत एकनाथांनी 'रुक्मिणीस्वयंवर' रचले, तेव्हा या वऱ्हाडच्या लेकीच्या लग्नात त्यांनी आपल्या काळची आतषबाजीही आणली. पुराणकथेतील विवाहात बंदुकीची दारू कोठून येणार, ही शंका त्यांच्या श्रोत्यांना पडली नसावी. लग्न म्हटले की दारूकाम आलेच. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील आतषबाजीचा इतिहास लिहिताना या वर्णनाची मुद्दाम नोंद घेतली आहे. त्यात आकाशात जाणारी 'हवई' आहे. हवई म्हणजे आजच्या भाषेत रॉकेट.

त्या आतषबाजीत एक माणूस मात्र कोठेच दिसत नाही: हवई पेटवणारा. अग्निबाणाचा इतिहास सांगताना तो किती उंच गेला, किती दूर पडला, याची मोजदाद सगळेच करतात. तो पेटला त्या क्षणी पेटवणारा किती अंतरावर उभा होता, हे क्वचितच कोणी मोजतो. वास्तविक या विद्येतील फार मोठी प्रगती त्याच अंतराची आहे, आणि ती फार उशिरा झाली.

मराठी कागदपत्रांत 'बाण' हा शब्द भेटला की प्रत्येक वेळी धनुष्य आठवू नये. अठराव्या शतकातील लढाईच्या वर्णनांत बाण म्हणजे बहुधा दारूचा बाण. त्याची रचना वरवर सोपी. लोखंडी नळी, तिचे एक तोंड बंद. आत ठासून भरलेली दारू. दुसऱ्या तोंडाला लहान छिद्र आणि त्यात वात. आणि हे सारे एका लांब बांबूला बांधलेले. बांबू शोभेसाठी नव्हता. तो शेपटीसारखा मागे राहतो म्हणून बाण सरळ जातो. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी नजीबखानाचे रोहिले एका वेळी दोन-दोन हजार बाण सोडत पुढे सरकत होते, असे शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे. आकडा थोडा फुगवलेला मानला, तरी तितक्या वाती पेटवणारे हात किती असतील, याचा अंदाज करावा.

तोफ आणि बाण यांतला भेद येथेच आहे. तोफेच्या कानात रंजक घालून गोलंदाज बाजूला उभा राहतो आणि काठीला गुंडाळलेली जामगी लांबवून बत्ती देतो. तोफ मागे उसळेल, पण तिच्या तोंडाची दिशा आधीच ठरलेली असते. बाणाचे तसे नाही. तो सुटतो तेव्हा त्याचा वेग अगदी कमी असतो, आणि त्या पहिल्या पावलाला आधार चुकला तर तो जमिनीवरून सरपटतो, वळतो, कधी सोडणाऱ्याकडेच परततो. शत्रूच्या घोड्यांना बुजवणारा हा लहरीपणा स्वतःच्या बाणदारालाही तितकाच घातक होता.

दुसरा धोका नळीच्या आत दडलेला असतो. दारू जळते ती पृष्ठभागावर. जितका पृष्ठभाग उघडा, तितका वायू अधिक आणि नळीतला दाब अधिक. ठासलेल्या दारूला चीर गेली, किंवा ती नळीच्या भिंतीपासून सुटली, तर ज्वाला त्या फटीत शिरते. जळणारा पृष्ठभाग क्षणात कितीतरी वाढतो आणि बाणाचा बॉम्ब होतो. बाण आदळला तर चीर जाते. उन्हात तापून रात्री गार झाला, असे वारंवार घडले तरी जाते. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे वऱ्हाडात बाण साठवणे हेच केवढे जोखमीचे काम असेल ते कळते. बाहेरून मात्र चांगला आणि चिरलेला बाण सारखेच दिसतात. वातीला बत्ती लावल्यावरच निकाल लागतो, आणि तो निकाल पेटवणाऱ्याला हातभर अंतरावरून ऐकावा लागे.

वऱ्हाडच्या इतिहासात या शस्त्राशी जोडलेले एक नाव अनपेक्षित वाटेने येते. ५ एप्रिल १७९९ च्या रात्री श्रीरंगपट्टणाजवळच्या सुलतानपेठेच्या झाडीत कर्नल आर्थर वेलस्लीची तुकडी टिपूच्या बाणांखाली आणि गोळीबाराखाली अंधारात विस्कटली. त्याच वेलस्लीने पुढे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानात भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. नंतर जड तोफा सातपुड्याच्या डोंगरांतून ओढून गाविलगडाच्या उत्तर बाजूस नेण्यात आल्या आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा तो किल्ला पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वऱ्हाडचे भवितव्य तटाला खिंडार पाडणाऱ्या वजनदार तोफांनी ठरवले. लहरी बाणाचे ते काम नव्हते. बाणांविषयी वेलस्लीचे मत पुढेही फारसे चांगले झाले नाही.

त्याच सुमारास इंग्लंडात मात्र विल्यम काँग्रीव्ह भारतातून गेलेल्या बाणांची चर्चा ऐकून कामाला लागला होता. १८०५ पर्यंत त्याचे बाण तयार झाले आणि १८०७ मध्ये कोपनहेगन शहरावर त्यांचा वर्षाव झाला. काँग्रीव्हने पल्ला वाढवला, हे सर्वत्र लिहिलेले असते. त्याहून मोलाची वाटते ती त्याने बाणाला दिलेली चौकट. बाण चौकटीत ठेवायचा, तिला चकमकीचा चाप बसवायचा आणि दूर उभे राहून चापाची दोरी ओढायची. हात आणि आग यांच्यामध्ये प्रथमच काही पावलांची दोरी आली.

पुढचे पाऊल खाणींत पडले. १८३१ मध्ये कॉर्नवॉलच्या विल्यम बिकफर्डने तागाच्या धाग्यांत दारू गुंफून ठरावीक वेगाने जळणारी वात तयार केली. सुरुंग लावणाऱ्याला पळायला किती वेळ आहे, हे आता मोजता येऊ लागले. त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट हेअरने विजेच्या घटाने तार तापवून सुरुंग उडवले. या दोहोंत मूलभूत फरक आहे. वात एकदा पेटली की माणसाचा हुकूम संपतो. तारेचे तसे नाही. प्रवाह सोडेपर्यंत आग माणसाच्या हुकमात राहते, आणि शेवटच्या क्षणी कोणी मूल मैदानात धावत आले तर थांबता येते.

ही सोय शतकभर उपलब्ध असूनही अग्निबाणवाल्यांना तिची सवय लागायला वेळ लागला. १६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेतील ऑबर्न गावी रॉबर्ट गोडार्डने जगातील पहिला द्रवइंधनाचा अग्निबाण उडवला. तो अडीच सेकंद उडाला, सुमारे १२ मीटर उंच गेला आणि ५६ मीटरांवर पडला. अवकाशयुगाचा आरंभ ज्या घटनेपासून मानतात, तिची बत्ती कशी दिली गेली? गोडार्डचा सहायक हेन्री सॅक्स याने लांब काठीच्या टोकाला ब्लोटॉर्च बांधून ती पेटवणीला लावली. जामगीची काठीच ती, फक्त अधिक तापट.

१९५० च्या दशकात हा प्रश्न मुलांपर्यंत पोहोचला. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक झेपावल्यावर अमेरिकेतील असंख्य मुलांनी घरच्या तळघरांत लोखंडी नळ्यांत रसायने ठासायला सुरुवात केली. बोटे गेली, डोळे गेले, काहींचे प्राणही गेले. यावरचा उपाय थोडा आधीच एका चपलाबुटांच्या दुकानात जन्मला होता. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावचा ऑर्व्हिल कार्लाईल दुकान चालवी आणि हौसेने शोभेची दारू हाताळी. भाऊ रॉबर्टला विमानांच्या प्रतिकृतींचा नाद. १९५४ मध्ये दोघांनी कागदाचा, लाकडाचा, हलका अग्निबाण केला, ज्याची दारूची नळी वापरून झाली की बदलता येई. १९५७ च्या आरंभी कार्लाईलने आपले नमुने जी. हॅरी स्टाईनकडे पाठवले. स्टाईन व्हाईट सँड्सच्या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रावर सुरक्षेचे काम पाहत असे, आणि नेमके हेच त्या नमुन्यांचे भाग्य ठरले. मोठ्या क्षेपणास्त्रांच्या मैदानावरची शिस्त त्याने या हातभर खेळण्याला लावली.

त्या शिस्तीचा गाभा दोन गोष्टींत आहे. पहिली, दारू ठासण्याचे काम मुलाने करायचेच नाही. नळी कारखान्यात यंत्राने भरलेली हवी. व्हर्नन एस्टिस याने १९५८ मध्ये त्यासाठी यंत्रच बांधले आणि त्याला 'मेबल' असे नाव दिले. दुसरी, वात नाही आणि काडीही नाही. पेटवणी फक्त विजेने.

ही पेटवणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची बारीक तार. टोकाला चटकन पेटणारे किंचित रसायन. ते टोक नळीच्या छिद्रातून आत दारूला भिडवलेले. तारेच्या दोन पायांना दोन चिमटे, चिमट्यांपासून निघालेल्या लांब वायरी आणि दुसऱ्या टोकाला बॅटरीची पेटी. बटण दाबताच तार लाल होते, रसायन पेटते आणि दारू सुरू होते. लहान नळ्यांसाठी सर्वांनी किमान १५ फूट आणि मोठ्यांसाठी ३० फूट दूर राहायचे. बटण असे हवे की बोट उचलताच प्रवाह तुटावा.

पेटीला एक किल्ली असते, आणि सगळ्या व्यवस्थेतील सर्वांत शहाणी वस्तू तीच. ती लावल्याशिवाय बटण निर्जीव. जो माणूस अग्निबाणाजवळ जाऊन चिमटे लावणार, त्याने किल्ली काढून स्वतःच्या खिशात घालून जायचे. म्हणजे मागे राहिलेल्या एखाद्या उतावळ्याने गंमत म्हणून बटण दाबले, तरी काही होणार नाही. पेटीवरचा एक लहान दिवा मंडल पूर्ण आहे की नाही ते सांगतो, आणि त्यासाठी तारेतून इतकाच प्रवाह सोडतो की ती तापू नये. बटण दाबूनही अग्निबाण उडाला नाही, तर किल्ली काढायची आणि पूर्ण ६० सेकंद कोणीही जागेवरून हलायचे नाही. पानिपताच्या बाणदाराला यांतले काहीच मिळाले नव्हते, आणि यांतल्या पुष्कळशा गोष्टींना विज्ञानापेक्षा सुतारकी व संयमच अधिक लागतो.

हा छंद भारतात तसा का रुजला नाही? एक कारण कायद्यात आहे. शोभेच्या दारूसह सर्व स्फोटकांची निर्मिती, साठवण आणि विक्री १८८४ च्या स्फोटक अधिनियमाने परवान्याखाली आणली. दुसरा कायदा राजकीय वादळात आला. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला आणि जून महिन्यात सरकारने स्फोटक द्रव्यांचा नवा कायदा घाईने मंजूर केला. संशयास्पद परिस्थितीत स्फोटक द्रव्य सापडले, तर आपला हेतू कायदेशीर होता हे दाखवण्याचा भार आरोपीवरच आला. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'त 'हे उपाय टिकाऊ नाहीत' असे बजावले. त्या आणि 'देशाचे दुर्दैव' या लेखांबद्दल जुलैमध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या अपिलासाठी विलायत गाठणारे दादासाहेब खापर्डे अमरावतीचे. अशा काळात सोरा, गंधक आणि कोळसा कुटत बसलेला मुलगा पोलिसांना छंदिष्ट वाटणे कठीण होते.

स्वातंत्र्यानंतरही हे दोन्ही कायदे टिकले, आणि एका अर्थी ते योग्यच झाले. घरी दारू ठासणे १९०८ मध्ये जितके धोक्याचे होते तितकेच ते आजही आहे. मात्र कारखान्यात भरलेली सुरक्षित नळी आणि विजेची पेटवणी यांचा जो मधला मार्ग अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना मिळाला, तो येथे सर्वसामान्य झाला नाही. अग्निबाण सरकारी मैदानावर राहिला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण सुटला. १९६७ मध्ये तेथे रुजू झालेल्या वसंत गोवारीकरांनी घन इंधनाचे जे शास्त्र उभे केले, त्याच्या बळावर १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने उपग्रह कक्षेत नेला. तेथे पेटवणारा हात किती दूर होता, हे विचारण्याची गरजच उरली नव्हती. भिंतीआडचा नियंत्रण कक्ष, उलटी गणती आणि वायरींचे जाळे हाच त्या मैदानाचा नित्याचा शिरस्ता होता.

आणि त्याच देशात, अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या गल्लीत, दिवाळीचे रॉकेट आजही रिकाम्या बाटलीत उभे करून उदबत्तीने पेटवले जाते. बाटली कलंडली की ते समोरच्या गच्चीत शिरते. वात विझल्यासारखी वाटली की मूल वाकून पाहते. ते साठ सेकंद तेथे कोणी मोजत नाही. स्फोटकांच्या नियमांचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात, म्हणजे येथून रेल्वेने काही तासांवरच आहे. पण बाटली आणि उदबत्ती यांच्यामधले हातभर अंतर कोणत्याही कार्यालयातून मोजता येत नाही.

परवान्याची भानगड नसलेला एक अग्निबाण मात्र शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत दिसतो. शीतपेयाची प्लास्टिकची बाटली एक-तृतीयांश पाण्याने भरतात, बूच लावून ती उलटी उभी करतात आणि सायकलच्या पंपाने आत हवा कोंबतात. दाब पुरेसा झाला की अडकण सुटते, पाणी खाली फेकले जाते आणि बाटली वर झेपावते. यात आग नाही. पण दाब आहे, आणि तो बाटली फाडू शकतो. म्हणून जाणते शिक्षक पंपाची नळी लांब घेतात, अडकणीला दोरी बांधतात आणि मुलांना मागे सरकवून ती दुरून ओढायला लावतात.